ग्रामसभेचे जंगल, गावातला रोजगार: वनहक्क, बांबू आणि तेंदूविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि अमरावती जिल्ह्यांतल्या ग्रामसभांकडून, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या तरुणांकडून आणि आता जुन्नर-आंबेगावकडूनही जे प्रश्न सारखे येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बाजारभाव, मजुरीचे दर आणि करांचे दर दरवर्षी हलतात. उत्तरांत जिथे 'समजा' म्हटले आहे तिथे आकडा फक्त हिशोब समजावा म्हणून घेतला आहे.

१. गावाभोवती जंगलच जंगल, तरी पोरं मिरची तोडायला तेलंगणात जातात. जंगलातून खरंच गावात काम उभं राहतं का?

राहते, पण वर्षभराची नोकरी म्हणून नाही. पूर्व विदर्भात धानाचे एक पीक निघाले की शेतात काम उरत नाही आणि नेमका तेव्हाच जंगलाचा हंगाम सुरू होतो. नोव्हेंबरपासून बांबू कटाई, मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, एप्रिलच्या शेवटापासून मेपर्यंत तेंदू (विडीचे पान) आणि त्यानंतर मोहाच्या बिया. म्हणजे ज्या महिन्यांत लोक गाव सोडतात, तेच हे महिने.

हा माल पूर्वीही विकला जात होता. तेंदू ठेकेदार नेत, बांबू कागद कारखान्याकडे भाडेपट्ट्याने जाई आणि गावाच्या हाती फक्त तोडणीची मजुरी येई. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून बांबू, तेंदू अशा जंगलमालाची, मालकीच दिली. त्यामुळे मजुरीवरचा पैसा, म्हणजे मालाची खरी किंमत, गावात थांबू शकते. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे. मात्र जंगल उजाड असेल तर पहिली काही वर्षे राखण्यातच जातील, हे गावाला आधीच सांगून ठेवा.

२. सामूहिक वनहक्क आणि वैयक्तिक पट्टा यात काय फरक?

वैयक्तिक पट्टा कसत असलेल्या जमिनीचा असतो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेली जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर, पती-पत्नी दोघांच्या नावे.

सामूहिक हक्काचे दोन भाग आहेत आणि गोंधळ इथेच होतो. नमुना 'ब' मध्ये चराई, मासेमारी, वनउपज अशा वापराच्या हक्कांचा दावा करतात. नमुना 'क' मध्ये गावाच्या पारंपरिक हद्दीतले सगळे जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याचे व्यवस्थापन करण्याचा हक्क मागतात. यालाच बोलीत सीएफआर (कम्युनिटी फॉरेस्ट रिसोर्स) म्हणतात. वनउपज विकण्याची मालकी कलम ३(१)(ग) मधून येते आणि व्यवस्थापनाचा अधिकार कलम ३(१)(झ) मधून. फक्त 'ब' भरलेल्या गावांना पुढे कटाईच्या वेळी अडचण येते. म्हणून दोन्ही नमुने एकाच वेळी भरा.

हे हक्क वारसाने पुढे जातात. ते विकता येत नाहीत, गहाण ठेवता येत नाहीत.

३. ग्रामसभा म्हणजे ग्रामपंचायतच ना? मग पैसे ग्रामपंचायतीच्या खात्यात का नको?

नाही. या कायद्यात ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे प्रौढ. टोला किंवा पाडा वेगळा असेल तर त्या टोल्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. एका ग्रामपंचायतीत पाच-सहा गावे असतात आणि प्रत्येकाचे जंगल वेगळे असते. पैसा पंचायतीच्या खात्यात गेला की तो पाचही गावांच्या राजकारणात अडकतो आणि ज्या गावाने राखण केली त्याच्या हाती काही लागत नाही. ग्रामसभेच्या नावाचे वेगळे पॅन आणि वेगळे बँक खाते काढा. सरपंच या व्यवस्थेत एक सदस्य असतो, मालक नसतो.

४. दावा करायचा तर नेमकं काय करावं लागतं?

आधी ग्रामसभा घ्या. कोरमसाठी किमान निम्मे सदस्य हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला. या सभेत १० ते १५ जणांची वन हक्क समिती निवडा. त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला असाव्यात. गावात आदिवासी नसतील तर महिलांची अट तेवढी लागू होते.

पुढचे काम हद्दीचे. म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन हद्द पायी फिरा. नाले, टेकड्या, देवस्थाने, जुन्या वाटा आणि वनविभागाचे कक्ष क्रमांक लिहून घ्या. जीपीएस असेल तर उत्तम, नसेल तरी काम अडत नाही. उपग्रह चित्र पुराव्याला पूरक असते, ते पुराव्याची जागा घेत नाही. शेजारच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेकडून हद्द मान्य असल्याचा ठराव घ्या. भांडण असेल तर प्र. २० पाहा.

पुरावे किमान दोन हवेत. विदर्भात निस्तार पत्रक हा सर्वांत भक्कम पुरावा ठरतो, कारण कोणत्या गावाने कोणत्या जंगलातून काय घ्यायचे हे त्यात जुन्या काळापासून नोंदलेले असते. ते तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. सोबत जुने नकाशे, वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रिवाजांची जुनी नोंद), वनविभागाच्या कार्य आयोजनेतले उल्लेख आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब जोडा.

मग स्थळ पडताळणी. वन आणि महसूल विभागांना लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. पोच न घेतल्यामुळे रखडलेले दावे बरेच आहेत. पडताळणीनंतर ग्रामसभेचा ठराव करून फाईल उपविभागीय समितीकडे द्या. तिथून ती जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हास्तरीय समितीकडे जाते. पूर्ण फाईलची झेरॉक्स गावात राहिलीच पाहिजे.

५. आमच्या गावात आदिवासी कमी, इतर समाज जास्त. हक्क मिळेल का?

मिळू शकतो. इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तिथले वास्तव्य आणि जंगलावरचे अवलंबन दाखवावे लागते. प्रत्येक माणसाने त्याच जमिनीवर ७५ वर्षे ताबा दाखवावा, असे कायदा म्हणत नाही. गाव जुने आहे आणि जंगलावर जगत आले आहे, हे सिद्ध करायचे असते. हक्क मिळाल्यावर तो अख्ख्या ग्रामसभेचा असतो. आत आदिवासी-बिगरआदिवासी असे वाटे पडत नाहीत.

६. दावा टाकून वर्षं झाली, उत्तरच नाही. किंवा मागितलं त्याच्या निम्मंच क्षेत्र मिळालं.

आधी माहिती अधिकारात फाईल कुठे आहे आणि तिच्यावर काय शेरा आहे ते काढा. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार वरच्या समित्यांनी दावा परस्पर फेटाळायचा किंवा कापायचा नसतो. त्रुटी असेल तर कारण लिहून तो ग्रामसभेकडे फेरविचाराला पाठवायचा असतो. ज्या वनगावाला सीएफआर मिळालेला नाही, तिथली कारणे जिल्हास्तरीय समितीने नोंदवणेही बंधनकारक आहे. हे दोन मुद्दे अर्जात नियमाच्या उल्लेखासह लिहा.

निर्णय कळल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अर्ज करता येतो. २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रांसाठी विभागीय स्तरावरही अपिलाची सोय झाली. क्षेत्र कमी मिळाले असेल तर पत्र घेऊन गप्प बसू नका. 'उर्वरित क्षेत्राचा दावा कायम आहे' असा ठराव त्याच आठवड्यात करून पाठवा.

७. हक्काचं पत्र हाती आलं. पहिल्या वर्षी काय करावं?

विक्रीची घाई करू नका. वनहक्क नियमांतल्या नियम ४(१)(ई) खालची समिती ठरावाने नेमा, कारण वाहतूक परवाना देण्यापासून राखणीपर्यंतची कामे हीच समिती करते. वनविभागासोबतची जुनी संयुक्त वन व्यवस्थापन समिती ती नव्हे. त्या समितीत वनविभागाचा वाटा होता, ही पूर्णपणे ग्रामसभेची असते.

नंतर मोजणी करा. जंगलाचे भाग पाडा आणि प्रत्येक भागात २० मीटर बाय ५० मीटरचे, म्हणजे ०.१ हेक्टरचे, काही नमुना तुकडे आखा. त्यात बांबूच्या किती रांज्या (बेटे) आहेत, प्रत्येक रांजीत नवे, जून आणि वाळलेले किती बांबू आहेत आणि तेंदूची किती झुडपे आहेत, ते लिहा. गावातली दहावी-बारावी झालेली मुले हे काम उत्तम करतात आणि हा त्यांच्यासाठी पहिला रोजगारही ठरतो. ही मोजणी नसेल तर व्यापारी जो अंदाज सांगेल तोच तुमचा अंदाज होतो.

राखणीची पाळी, वणव्याचे नियम आणि दंडही याच वर्षी ठरवा. अमरावती जिल्ह्यातल्या अचलपूर तालुक्यातील पायविहीरला २०१२ मध्ये हक्क मिळाला तेव्हा जंगल उघडे पडलेले होते. गावाने राखण आणि लागवड केली आणि पुढे सीताफळ विक्रीतून उत्पन्न उभे केले. मोठे बांबूचे जंगल नसले तरी वाट निघते.

८. बांबू किती आणि कसा तोडायचा?

आपल्याकडच्या जंगलात बहुतेक मानवेल जातीचा बांबू आहे. त्याचे साधारण तीन वर्षांचे चक्र धरा. बांबूचे क्षेत्र ९०० हेक्टर असेल तर त्याचे तीन कूप (कटाईचे भाग) करा आणि दर वर्षी ३०० हेक्टरांतच कटाई करा. उरलेल्या दोन कुपांना त्या काळात हात लावायचा नाही.

रांजीत शिरल्यावर हे पाळा:

- या वर्षीचा आणि मागच्या वर्षीचा बांबू तोडायचा नाही. नव्याच्या पेरांवर खोळ चिकटलेली आणि पांढरट भुकटी असते. जून बांबू पिवळसर, डागाळलेला असतो आणि ठोकल्यावर टणक वाजतो.
- प्रत्येक रांजीत किमान ८ चांगले जून बांबू पसरून राहिले पाहिजेत. त्याहून कमी असतील तर ती रांजी त्या वर्षी सोडून द्या.
- जमिनीपासून १५ ते ४५ सेंटीमीटरच्या आत, पेराच्या लगेच वर, तिरपा आणि स्वच्छ घाव घाला. उंच ठेवलेल्या खुंटांत पाणी साचते, रांजी गुंतते आणि पुढच्या कटाईत आत शिरता येत नाही.
- कडेचे बांबू काढून मधला गुंता तसाच ठेवू नका. एका बाजूने वाट करून मधले जून आणि वाळलेले काढा. नवे कोंब बाहेरच्या बाजूला फुटतात, त्यांना तिथे जागा लागते.
- पावसाळा सुरू झाल्यापासून ऑक्टोबरपर्यंत कटाई बंद. याच काळात वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) निघतात. खाण्यासाठी वास्ते काढायचे असतील तर किती आणि कुठून, हे ग्रामसभेने ठरवावे.

सर्वांत जास्त नुकसान होते ते कटाईची मजुरी नगावर दिल्यामुळे. मजूर सोपा बांबू, म्हणजे कडेचा आणि कोवळा, आधी पाडतो. उपाय म्हणजे दर ५-६ जणांच्या टोळीमागे गावातलाच एक देखरेख्या ठेवणे आणि कोवळा बांबू पाडल्यास त्या नगाची मजुरी न देणे. हा नियम कटाईच्या आधी सभेत वाचून दाखवा.

विकताना लांब बांबू आणि कागदासाठीचे तुकडे वेगळे ठेवा. लांब, सरळ बांबूला नगावर भाव मिळतो, तो वजनाच्या ढिगात घालणे तोट्याचे आहे. कागद कारखाना वजनावर घेतो आणि बांबू वाळत जातो तसे वजन घटते. म्हणून वजन कोणत्या काट्यावर आणि भरल्यापासून किती दिवसांत होणार, हे करारात लिहा.

९. बांबूला भुंगा लागतो, भुकटी पडते. काय करावं?

भुंगा बांबूतल्या पिठूळ अंशासाठी येतो. हिवाळ्यात तोडलेल्या जून बांबूत तो अंश कमी असतो, कोवळ्यात जास्त. म्हणजे कटाई नीट झाली की निम्मा उपाय झाला. तोडलेला बांबू जमिनीला टेकवून ठेवू नका. ओंडक्यांवर, सावलीत, वारा लागेल असा रचा. काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जुनी पद्धतही काम करते.

फर्निचर किंवा बांधकामासाठी विकायचा असेल तर १ भाग बोरिक ॲसिड आणि दीड भाग बोरॅक्स घेऊन पाण्यात सुमारे ५ टक्क्यांचे द्रावण करा आणि पेरे आतून भोकून बांबू त्यात बुडवा. पावसात उघड्यावर ठेवल्यास हे क्षार धुऊन जातात, म्हणून प्रक्रिया केलेला माल छपराखालीच हवा.

१०. बांबूचा ट्रक भरला. वाहतूक परवाना कोणाकडून घ्यायचा?

ग्रामसभेकडूनच. २०१२ च्या नियमांनुसार गौण वनउपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा तिने अधिकार दिलेली व्यक्ती देते, आणि या मालावर कोणतेही स्वामित्वशुल्क (सरकारला द्यायची रॉयल्टी) लागत नाही.

हे सहज मिळालेले नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांचा सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या अशा हक्कांपैकी तो एक. तरीही बांबू विकताना परवान्यावर अडवणूक झाली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तके ग्रामसभेच्या हाती आली. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावाची.

परवान्यावर अनुक्रमांक, कक्ष क्रमांक, मालाचा प्रकार, नग किंवा वजन, गाडीचा क्रमांक, कुठून कुठे, तारीख, मुदत आणि दोन सह्या असाव्यात. तीन प्रती करा: गाडीसोबत, वनविभागाला माहितीसाठी आणि गावात. गाडी नाक्यावर अडवली तर सोबत हक्कपत्राची आणि समिती नेमल्याच्या ठरावाची प्रत असली पाहिजे. नुसत्या परवान्यावर वाद घालण्यात रात्र जाते.

११. तेंदूचा हंगाम नीट कसा चालवायचा?

फेब्रुवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत खुट कटाई करा, म्हणजे झुडपे जमिनीलगत छाटा. त्यानंतर सुमारे ४५ दिवसांत पान तयार होते. काही ठिकाणी छाटणीऐवजी आग लावतात. पान येते, पण बांबूचे कोंब, मोहाची रोपे आणि जमिनीवरचा पाला जळतो. एका हंगामाच्या पानासाठी बाकी सगळा हंगाम जाळण्यासारखे ते आहे. छाटणीची मजुरी ठेकेदाराने आधी देणे ही अट करारात घाला (प्र. १३).

पान पहाटे तोडायचे, दिवसा घरी पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर (संकलन केंद्रावर) द्यायचे. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने आणि १,००० पुड्यांची एक प्रमाणित गोणी, म्हणजे ७०,००० पाने. मध्य प्रदेशात पुडा ५० पानांचा असतो. सीमेवरच्या गावांत व्यापारी तिकडचा गोणीचा भाव सांगतो तेव्हा हे लक्षात ठेवा. फार कोवळे, फार जाड, भोके पडलेले आणि गाठी आलेले पान पुड्यात घालू नका.

फळीवर मुन्शी ग्रामसभेचा असावा आणि नोंद प्रत्येकाच्या कार्डावर त्याच वेळी व्हावी. शेकड्यामागे चार-दोन पुडे फुकट काढून घेण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही. शंभर म्हणजे शंभर. पुडे ओळीने पसरून, उलटवून आठवडाभर वाळवतात, मग पाणी शिंपडून मऊ करतात आणि बोद (पानांची पोती) भरतात. वाळताना पाऊस आला तर पान काळे पडते. ते नुकसान कोणाचे, हाही कराराचाच प्रश्न आहे.

१२. 'पर्याय १' घ्यायचा की 'पर्याय २'?

हा प्रश्न तेंदू विक्रीचा आणि पेसा क्षेत्रातला, म्हणजे ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित भागातला. पर्याय १ मध्ये वनविभाग लिलाव करतो आणि रक्कम ग्रामसभेला मिळते. पर्याय २ मध्ये ग्रामसभा स्वतः लिलाव, करार आणि संकलन करते. २०१३ पासून गडचिरोली-गोंदियातल्या ग्रामसभा दुसऱ्या वाटेने जाऊ लागल्या.

आमचे मत स्पष्ट आहे. गावात दोन-तीन लिहिते माणसे असतील, महिला सभेला येत असतील आणि शेजारच्या गावांशी पटत असेल तर पर्याय २. यांतले काहीच नसेल तर एक-दोन वर्षे पर्याय १ घेऊन त्या काळात माणसे तयार करा. एकट्या गावाने दुसरा पर्याय घेणे सर्वांत धोक्याचे, कारण व्यापारी आपसात ठरवून एका गावाची बोली सहज पाडतात. कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी महाग्रामसभा उभी केली, तसे १०-१५ गावांनी एकाच दिवशी, एकाच अटींवर लिलाव केला की ही साखळी तुटते. पर्याय निवडीचा ठराव हंगामाच्या बराच आधी द्यावा लागतो. दिवाळीच्या सुमारास सभा घ्या.

१३. ठेकेदाराच्या करारात काय असावं?

एकच तत्त्व आहे: पैसे आधी, बोद नंतर. ठेकेदारांवर भरवसा ठेवून माल सोडलेल्या गावांचे पैसे वर्षानुवर्षे अडकले आहेत.

बोलीसोबत अनामत घ्या, उदाहरणार्थ अंदाजे रकमेच्या १० टक्के. सही होताना आणखी २५ ते ३० टक्के घ्या. संकलनाची मजुरी दर आठवड्याला थेट तोडणाऱ्याच्या खात्यात जावी आणि शक्यतो बाईच्याच खात्यात, कारण तोडणी आणि बांधणीचे बहुतेक काम तीच करते. उरलेली पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय गोदामातून एकही बोद हलणार नाही आणि त्याशिवाय ग्रामसभा वाहतूक परवाना देणार नाही, हे स्पष्ट लिहा. परवाना तुमच्या हातात आहे, हीच तुमची खरी तारण.

पुढच्या बाबी लोक विसरतात. खराब पुडा कोण ठरवणार? (फळीवर त्याच दिवशी, ग्रामसभेच्या माणसासमोर, नंतर नाकारता येणार नाही.) पाऊस आला तर? (फळीवर मोजून घेतला की माल ठेकेदाराचा.) ठरलेल्या गोण्यांपेक्षा माल कमी निघाला तर? (प्रत्यक्ष गोण्यांवर हिशोब, दंड नाही.) कर कोणावर? (प्र. १६.) उशिरावर व्याज किती? वाद कोणत्या न्यायालयात? आपल्या जिल्ह्यात, हे लिहून घ्या. ठेकेदाराच्या शहराचे नाव छापलेला तयार मसुदा आला तर सही करू नका.

१४. एका कुटुंबाला तेंदूतून किती मिळू शकतं?

समजा तीन-चार माणसांचे कुटुंब दिवसाला २०० पुडे देते आणि फळी १२ दिवस चालते. एकूण २,४०० पुडे, म्हणजे २.४ गोण्या. मजुरी समजा शेकडा ४०० रुपये, तर ९,६०० रुपये. ठेकेदाराने मजुरीशिवाय दिलेली रक्कम, जिला गावात रॉयल्टी म्हणतात, समजा गोणीमागे ६,००० रुपये, तर १४,४०० रुपये. त्यातले १५ टक्के, २,१६० रुपये, ग्रामसभेने निधीत ठेवले तर कुटुंबाला १२,२४० रुपये बोनस. एकूण २१,८४० रुपये. जुन्या पद्धतीत यातल्या मजुरीवरच बहुतेकांची बोळवण होत असे.

बोनस सगळ्या घरांना सारखा वाटायचा की पुड्यांच्या प्रमाणात? पुड्यांच्या प्रमाणात वाटला तर कष्टाचा मान राहतो. पण म्हातारे, अपंग आणि एकट्या बायका मागे पडतात, म्हणून निधीतून त्यांना वेगळी रक्कम ठरवा.

१५. ठेकेदाराने पैसे बुडवले तर?

माल गोदामात असेल तर कुलूप ग्रामसभेचे ठेवा, पंचनामा करा आणि ठराव करून दुसऱ्याला विका. माल गेला असेल तर वकिलामार्फत नोटीस द्या, करार आणि फळीच्या नोंदींसह पोलिसांत तक्रार करा आणि वसुलीचा दावा दाखल करा. जिल्हाधिकाऱ्यांना प्रत द्या. शेजारच्या सगळ्या ग्रामसभांना त्या ठेकेदाराचे नाव लेखी कळवा. पुढच्या लिलावात त्याचा माणूस दुसऱ्या नावाने येतो, तेव्हा पत्ता आणि पॅन तपासा.

१६. ग्रामसभेला जीएसटी आणि आयकर लागतो का?

वनहक्क कायद्यात शुल्कमाफी आहे. ती स्वामित्वशुल्काची. तिच्यामुळे सगळे कर माफ झाले असे धरून चालू नका. करारात 'दराव्यतिरिक्त सर्व कर खरेदीदार भरेल' हे वाक्य हवेच. खरेदीदाराने तुमच्या पॅनवर काही कापले किंवा भरले असेल तर त्याची प्रमाणपत्रे मागून घ्या. मोठी रक्कम येण्याच्या आधी सीए गाठा, आल्यानंतर नाही. आठ-दहा ग्रामसभांनी मिळून एक सीए धरला तर खर्च पेलतो.

१७. हिशोब गावाला पटेल असा कसा ठेवायचा?

रोकड वही, हजेरी, साठा नोंदवही, परवाना पुस्तकाच्या स्थळप्रती आणि सभेचे इतिवृत्त एवढी पाच पुस्तके पुरतात. खात्यावर तीन सह्या ठेवा, त्यांतली एक महिलेची, आणि सही करणारे दर दोन वर्षांनी बदला. दर महिन्याच्या सभेत जमा-खर्च मोठ्याने वाचा. वाचता न येणाऱ्यालाही ऐकू येते आणि तिथेच प्रश्न निघतात. ग्रामसभा मोडतात त्या बहुतेक याच ठिकाणी: भाव चांगला आला, रक्कम मोठी आली आणि हिशोब दोनच माणसांना माहीत होता.

१८. मोह, हिरडा अशा मालाचं काय? प्रक्रिया उद्योग काढावा का?

मोहफूल गोळा करण्यावर, बाळगण्यावर आणि वाहतुकीवर असलेले निर्बंध राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. दारू गाळण्याचे नियम मात्र वेगळे आणि कायम आहेत. फूल वेचायला झाडाखाली आग लावण्याऐवजी जाळी किंवा जुन्या साड्या बांधा, फूल स्वच्छ राहते. मुठीत दाबल्यावर चिकटणार नाही इतके वाळवा, नाहीतर साठवणीत बुरशी धरते. एप्रिलमध्ये गरजेपोटी विकलेले फूल पावसाळ्यात चढ्या भावाने गावातच परत येते. म्हणून ग्रामसभेच्या निधीतून उचल देऊन फूल राखून ठेवणे हाच पहिला आणि सोपा उद्योग. सह्याद्रीत जुन्नर-आंबेगावकडे बाळहिरड्यालाही (हिरड्याच्या वाळवलेल्या कोवळ्या फळाला) हेच लागू पडते.

यंत्रे घेण्याआधी थांबा. सरकारच्या वनधन केंद्र योजनेत साधारण २० जणांचे १५ गट, म्हणजे ३०० सदस्य, आणि १५ लाखांपर्यंत मदत अशी रचना आहे. पण गिऱ्हाईक न ठरवता आणलेली यंत्रे धूळ खातात. अगरबत्तीची काडी हे नेहमीचे उदाहरण. आपला मानवेल भरीव आणि आखूड पेरांचा, त्यात काडीसाठी बराच बांबू वाया जातो. त्याची ताकद फर्निचर, कुंपण, टोपल्या आणि बांधकामात आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात मुलांना पाठवा आणि आधी शंभर नगांची मागणी हातात घ्या. गावातल्या बुरूड कारागिरांना बांबू मिळण्याचा प्राधान्यक्रमही ठरवा. त्यांच्या हातात हे कसब पिढ्यानपिढ्या आहे.

१९. तेंदू न तोडता कोणी राहू शकतं का?

हो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर तेंदू तोडायचा नाही असे ठरवले, कारण त्यासाठी होणारी छाटणी आणि आग जंगलाला मारक होती. गाव बांबूवर उभे राहिले. सुमारे १,००० हेक्टर जंगल आणि त्यात भरपूर बांबू होता म्हणून हे परवडले. बांबू नसलेल्या गावाने केवळ अनुकरण म्हणून तेंदू सोडू नये. तिथे आग बंद करून छाटणीवर येणे हे पहिले पाऊल आहे.

२०. शेजारच्या गावाशी हद्दीचा वाद आहे.

दोन्ही वन हक्क समित्यांची संयुक्त बैठक आणि हद्दीवर एकत्र फिरणे हा नियमातला मार्ग. न सुटल्यास उपविभागीय समिती निर्णय देते. एकाच भागात दोन गावांचा वापर असेल तर तो सामायिक म्हणून दोन्ही दाव्यांत लिहा आणि कोण कोणत्या वर्षी काय घेणार ते ठरवा. वाद मिटेपर्यंत त्या पट्ट्यात कोणीही कटाई करू नये.

२१. हक्क आमचा, मग सागवान विकता येईल का? आणि जंगलात गोदाम बांधता येईल का?

सागवान नाही. कायद्याने मालकी गौण वनउपजाची दिली आहे. त्यात बांबू, वेत, तेंदू, मध, लाख, कंदमुळे येतात, इमारती लाकूड येत नाही.

गोदामाचे उत्तरही बहुतेक वेळा नाही. कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, तलाव, रस्ता, समाजमंदिर अशा १३ सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने प्रत्येकी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन मिळू शकते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तुटणार नसतील तर. त्या यादीत गोदाम नाही. ते गावठाणात बांधा.

२२. शेतातल्या बांबूलाही ग्रामसभेचा परवाना लागतो का?

भारतीय वन कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळे शेतातल्या बांबूला त्या कायद्याखालचा परवाना लागत नाही. अडचण दुसरीच आहे: जंगलातला चोरून तोडलेला बांबू 'शेतातला' म्हणून जातो. म्हणून शेतमालकाने सातबारा दाखवून ग्रामसभेकडे नोंद करावी आणि समितीने रांज्या पाहून दाखला द्यावा.

२३. बांबूला फुलोरा आला आहे. आता सगळं संपलं का?

मानवेल काही दशकांनी एकदम फुलतो, बी धरतो आणि मरतो. एखादी-दुसरी रांजी दर वर्षी फुलते, ती गोष्ट वेगळी. अख्खे जंगल फुलले तर प्र. ८ मधले नियम बदलतात. बी पूर्ण गळेपर्यंत फुललेल्या रांजीला हात लावू नका. बी गळाले की ती रांजी पूर्ण काढता येते, कारण ती पुन्हा फुटणार नाही आणि वाळलेल्या बांबूमुळे वणव्याचा धोका वाढतो. न फुललेल्या रांज्या मात्र राखा. त्या वर्षी मोठ्या प्रमाणात माल एकदम निघतो आणि भाव पडतो, म्हणून शेजारच्या ग्रामसभांशी बोलून काढणी वाटून घ्या.

पुढे गवतासारखी दिसणारी रोपे सगळीकडे येतात. पहिली काही वर्षे त्या कुपात चराई आणि आग पूर्ण बंद ठेवा. रोपाची तोडण्याजोगी रांजी व्हायला बरीच वर्षे लागतात आणि तोवर बांबूचे उत्पन्न नसते. फुलोऱ्याच्या वर्षी आलेल्या रकमेतून मोठा भाग राखणीच्या मजुरीसाठी बाजूला काढा, आणि तो दुसऱ्या कशाला वापरायचा नाही असा ठराव वाटपाच्या आधी करून घ्या.